पृथ्वी-६१६ नक्की कुणाची? नंबरांचं भांडण आणि आपला फास्टर फेणे

'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'साठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येतोय, पण आयर्न मॅन म्हणून नाही, डॉक्टर डूम म्हणून. फॉक्सच्या जुन्या एक्स-मेन चित्रपटांतले पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयान मॅकेलन कलाकारांच्या यादीत आहेत. फँटास्टिक फोर तर वेगळ्याच पृथ्वीवरून येणार. एवढी मंडळी इतक्या ठिकाणांहून एका पडद्यावर येणार म्हटल्यावर चाहत्यांचं जुनं भांडण पुन्हा पेटलंय: कुठल्या पृथ्वीचा नंबर काय, आणि तो ठरवायचा कुणी?

माझ्या ऑफिसातले काही जण याला शुद्ध रिकामटेकडेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे मी दिवसभर डेटाबेसचं काम करतो आणि तिथेही निम्मी भांडणं याच जातीची असतात. दुसरं, मी धाराशिव जिल्ह्यातला आहे. नाव बदललं की नोंदींचं काय होतं हे आमच्या जिल्ह्यात आता शेंबडं पोरगंही सांगेल.

पुढे जाण्याआधी एक शब्द ठरवून घेऊ. ज्या गोष्टी एकमेकींना धरून असतात, म्हणजे एकीत मेलेला माणूस दुसरीतही मेलेलाच असतो, त्या सगळ्यांचा मिळून एक 'धागा' झाला असं समजा. इंग्रजीत याला कंटिन्युइटी म्हणतात. पात्र तेच, पण घडलेलं वेगळं, की धागा वेगळा. टॉम हॉलंडचा स्पायडरमॅन एका धाग्यातला, टोबी मग्वायरचा दुसऱ्या. प्रश्न आहे तो या धाग्यांना नाव द्यायचा.

नंबर एकचा मान

डीसी कॉमिक्सने हा प्रश्न आधी हाताळला. १९६०च्या दशकात त्यांनी तेव्हाच्या सुपरहिरोंची पृथ्वी 'अर्थ-वन' ठरवली आणि १९४०च्या दशकातले जुने हिरो 'अर्थ-टू'वर टाकले. म्हणजे जे आधी आले त्यांना दुसरा नंबर! नंबर एक हा मान आहे, आणि मान नेहमी आत्ता ज्याची चलती आहे त्याला मिळतो. नाव देणाऱ्याला नुसती ओळख द्यायची नव्हती, क्रमही लावायचा होता.

मार्व्हलचं उलट झालं. त्यांच्या ब्रिटनमधल्या कॅप्टन ब्रिटनच्या कथांमध्ये १९८३ साली 'अर्थ-६१६' हा आकडा छापून आला. स्पायडरमॅन, कॅप्टन अमेरिका वगैरे सगळे जिथे राहतात ती मुख्य पृथ्वी, आणि तिचा नंबर काय, तर सहाशे सोळा. एक नाही, शंभर नाही, हजार नाही. असंख्य पृथ्व्या असतील तर आपलीच पहिली का असावी, हा विचार त्या आडनिड्या आकड्यात आपोआप येतो. कुणी ठरवून केलं असो वा सहज सुचलं म्हणून, इंजिनियर म्हणून मला हा आकडा फार आवडतो. चांगल्या आयडीला काही अर्थ नसावा.

आता गंमत बघा. मार्व्हलच्याच अधिकृत हँडबुकने चित्रपटांच्या विश्वाला, म्हणजे एमसीयूला, १९९९९९ हा नंबर दिला होता. कॉमिक्स ६१६, चित्रपट १९९९९९; कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. मग २०२२च्या 'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये एका पात्राने चित्रपटांच्या पृथ्वीलाच ६१६ म्हटलं. मिस मार्व्हलचं काम करणारी इमान वेलानी ही स्वतः कॉमिक्सची कट्टर वाचक. तिने उघडपणे सांगितलं की हे तिला मान्य नाही, एमसीयू म्हणजे १९९९९९. आणि २०२३मध्ये सोनीचा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आला, त्यात डॉक्टर स्ट्रेंजचा उल्लेख पुन्हा १९९९९९ नंबरनेच झाला. (याच चित्रपटात आपला पवित्र प्रभाकर मुंबॅटनमध्ये राहतो. त्याच्या पृथ्वीचा नंबर ५०१०१, आणि त्यावरून कुणी भांडत नाही. बिचाऱ्याला मुख्य व्हायचंच नाहीये.)

डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर एकच प्रायमरी की दोन ओळींना लागली. बँकेत दोन खात्यांना एकच नंबर दिला तर काय होईल, तेच. '६१६मधला पीटर पार्कर' म्हटलं की आता पुढे 'कॉमिक्सवाला की चित्रपटवाला' हे विचारावंच लागतं, म्हणजे नंबराचा उपयोगच संपला. एमसीयूवाल्यांनी ६१६ का घेतला? कारण चाळीस वर्षांत तो अर्थहीन आकडा राहिला नव्हता, 'मुख्य' या शब्दाचं दुसरं नाव झाला होता. त्यांना आकडा नको होता, मान हवा होता.

चाहत्यांनी चालवलेल्या मार्व्हलच्या विकीवर मात्र एक पद्धत आहे जी मला मालकांपेक्षा शहाणी वाटते. एखाद्या धाग्याला कंपनीने नंबर दिला नसेल तर ते स्वतःच्या मनाने ६१७, ६१८ लावत नाहीत. 'टीआरएन' अशी अक्षरं लावून पुढे क्रमांक देतात. अर्थ साधा, हा तात्पुरता नंबर आहे. उद्या अधिकृत नंबर आला की तो लावायचा. आपल्याकडे गॅस बुकिंगपासून प्रवेशअर्जापर्यंत सगळीकडे तात्पुरता क्रमांक मिळतो, तसंच हे.

ट्रान्सफॉर्मर्सची पद्धत आणखी तपशिलाची. १९८४ची मूळ कार्टून मालिका म्हणजे 'प्रायमॅक्स ९८४.१७ अल्फा'. मंत्र वाटतो, पण फोडला तर सोपा आहे. 'प्रायमॅक्स' हे घराणं. ९८४ म्हणजे नववा महिना, सन ८४. १७ म्हणजे तारीख. १७ सप्टेंबर १९८४ला पहिला भाग दाखवला गेला. शेवटचं ग्रीक अक्षर माध्यम सांगतं, अल्फा म्हणजे कार्टून. मायकल बेचा २००७चा चित्रपट 'टायरन ७०७.०३ एप्सिलॉन': ३ जुलै २००७, आणि एप्सिलॉन म्हणजे चित्रपट. (मराठवाड्यातल्या माणसाला १७ सप्टेंबर ही तारीख वेगळी पाठ करावी लागत नाही. मुक्तिसंग्राम दिनाला शाळेत झेंडावंदन असायचं.) यात कोण मोठा, कोण खरा, असलं काही नाही. कुठलं घराणं, कधी आलं, कशातून आलं, बस्स.

नावातच निकाल

आकडे सोडून शब्द वापरले की खरा घोळ सुरू होतो. २०१२मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली आणि २५ एप्रिल २०१४ला जाहीर झालं की चित्रपटांबाहेरच्या स्टार वॉर्सच्या जुन्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स आता 'लेजेंड्स' या नावाखाली राहतील. लेजेंड्स, म्हणजे दंतकथा. त्या पुस्तकांतला एक शब्दही बदलला नव्हता. पण कालपर्यंत 'घडलेल्या' असलेल्या गोष्टी एका दिवसात 'म्हणे असं घडलं होतं' झाल्या. वीस-पंचवीस वर्षं ती पुस्तकं विकत घेणारे लोक चिडले, ते स्वाभाविक होतं. नव्या चित्रपटांना जागा मोकळी हवी होती हे समजतं. पण त्यासाठी नावातच निकाल लिहून टाकायची गरज नव्हती.

याच्या उलट टोकाला डीसीच्या जुन्या चित्रपटांचं 'डीसीईयू' हे नाव. ते कंपनीने दिलंच नव्हतं, एका पत्रकाराने गमतीत लिहिलं आणि लोकांच्या तोंडी बसलं. जेम्स गनने नवा धागा सुरू केला तेव्हा त्याला जुन्यापासून वेगळं दाखवायला तेच गमतीतलं नाव कामी आलं. नाव टिकतं ते त्याची गरज असते म्हणून, कुणी सही केली म्हणून नाही.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर राज कॉमिक्सचा नागराज. हिंदी कॉमिक्स, पण सोलापूर-लातूरच्या बसस्टँडवर माझ्या आधीच्या पिढीने ती भरपूर वाचली. १९८६पासूनचा एक नागराज पुढे तीन झाला: विश्वरक्षक, आतंकहर्ता आणि नरकनाशक. ही नावं बघा. तिघांनाही बिरुदं, तिन्ही सारख्याच वजनाची, एकही 'असली' किंवा 'मूळ' नाही. कोण कुठल्या कामावर आहे तेवढं कळतं. स्टार वॉर्सवाल्यांनी दिल्लीला येऊन शिकवणी लावायला हरकत नव्हती.

नाव बदलणं वेगळं, जिल्हा फुटणं वेगळं

आता माझ्या जिल्ह्याकडे येतो, कारण या दोन प्रकारांतला फरक मला तिथे नीट दिसतो.

२४ फेब्रुवारी २०२३ला केंद्राच्या मंजुरीनंतर उस्मानाबाद शहराचं नाव धाराशिव झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा आणि तालुक्याचंही झालं. २०२४मध्ये आधी उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात विरोधातल्या याचिका फेटाळल्या गेल्या. कुठलं नाव हवं होतं यावर प्रत्येक घरात मत आहे, आणि ते इथे मांडायचं नाही. मला बघायचंय ते एवढंच: काय बदललं आणि काय नाही. गाड्यांच्या पाट्यांवरचं एमएच-२५ तसंच राहिलं. शहराचा पिन ४१३५०१ तसाच. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याचा क्रमांक ५२५ आहे, तोही कुणी हलवला नाही. रेल्वे स्टेशनचं नाव बदललं तेव्हा मात्र कोडही बदलावा लागला: यूएमडीचा डीआरएसव्ही झाला. कारण उघड आहे. २५ आणि ५२५ या आकड्यांत कुणाचंच नाव नव्हतं. यूएमडीमध्ये उस्मानाबाद भरलेलं होतं. आयडीत अर्थ घातला की तो अर्थ बदलल्यावर आयडी फेकावा लागतो.

हा झाला एक प्रकार: वस्तू तीच, नाव नवं. दुसरा प्रकार ऑगस्ट १९८२मध्ये झाला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा निघाला. नाव उस्मानाबादच राहिलं, पण जिल्हा तो राहिला नाही. १९८१ आणि १९९१च्या जनगणनेतले 'उस्मानाबाद जिल्हा' या नावाचे आकडे कुणी बेसावधपणे शेजारी ठेवले तर त्याला वाटेल, दहा वर्षांत एवढी माणसं गेली कुठे? कुठेही गेली नाहीत, लातूरच्या रकान्यात आहेत.

यातला जास्त धोकादायक बदल कुठला, असं विचाराल तर मी दुसरा म्हणेन. नाव बदललं की निदान सगळ्यांना कळतं. बातम्या होतात, मोर्चे होतात, पाट्या रंगवल्या जातात. नाव तेच ठेवून आतली वस्तू बदलली तर कुणाला पत्ताही लागत नाही. स्टार वॉर्सचं झालं ते २०२३सारखं: गोष्टी त्याच, पाटी नवी. एमसीयूने ६१६ घेतलं ते १९८२सारखं: पाटी तीच, आतलं जग दुसरं.

पहिला प्रकार निरुपद्रवी आहे असं मात्र समजू नका. माझ्या मावसभावाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थानापुढे जिल्हा उस्मानाबाद आहे. नोकरीच्या एका खाजगी पोर्टलवर जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबाद आणि धाराशिव असे दोन वेगळे जिल्हे होते. त्याने धाराशिव निवडलं, दाखला उस्मानाबादचा जोडला, आणि उत्तर आलं की माहिती जुळत नाही. ज्याने यादी बनवली त्याने नवं नाव म्हणजे नवी ओळ असं धरलं. खरं तर एकच ओळ हवी होती, तिला दोन नावं, आणि प्रत्येक नावापुढे कधीपासून कधीपर्यंत. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जुन्या नावासाठी वेगळा रकाना असतो तो याचसाठी.

आणि आपला फेणे

हे सगळं मराठी कथांना लावून बघू. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे. पुस्तकातला बनेश फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा, तोंडाने 'ट्टॉक' करणारा पोरगा. दूरदर्शनवर १९८०च्या दशकात मालिका आली, त्यात सुमीत राघवन. मग ऑक्टोबर २०१७मध्ये आदित्य सरपोतदारचा चित्रपट, त्यात अमेय वाघ. हा फेणे शाळकरी नाही. मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो, त्याच्या हातात मोबाइल असतो, समोर गिरीश कुलकर्णींचा आप्पा असतो. म्हणजे किमान तीन धागे झाले. नावं किती? एक. फास्टर फेणे.

परवा मी एका चॅटबॉटला मराठीतच विचारलं, फास्टर फेणे कोण? उत्तर छान आत्मविश्वासाने आलं: फेणे हा फुरसुंगीचा, विद्याभवन शाळेतला विद्यार्थी असून तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्याला येतो आणि एका मृत्यूचा छडा लावतो. यातला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या फेणेबद्दल खरा आहे. असा फेणे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही, मालिकेत नाही, चित्रपटात नाही. मशीनला दोष देऊन उपयोग नाही. तीन वेगळ्या धाग्यांची माहिती एका नावाखाली पडलेली असेल तर ते त्याची खिचडीच करणार. स्पायडरमॅनच्या बाबतीत असं कमी होतं, कारण तिथे कुणीतरी रात्री जागून प्रत्येक ओळीला नंबर लावून ठेवलाय.

ज्या मुलाने पुस्तक हातात घेतलेलं नाही, त्याच्यापर्यंत फेणे आता याच उत्तरातून पोचणार आहे. इंग्रजीत चाहत्यांची ही वर्गवारी छंद असेल, पण मराठीत ती न होण्याची किंमत अशी आहे की मूळ पात्र हळूहळू त्या खिचडीत विरघळेल, आणि कुणी मुद्दाम केलं असंही म्हणता येणार नाही.

चिमणरावांचंही तसंच. चिं. वि. जोशींचे पुस्तकातले चिमणराव, जुन्या चित्रपटांतले दामुअण्णा मालवणकरांचे चिमणराव, आणि दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकरांचे. महेश कोठारेंच्या चित्रपटांत तर वेगळाच पेच आहे. 'धूमधडाका', 'थरथराट', 'धडाकेबाज', 'झपाटलेला', प्रत्येकात लक्ष्मीकांत बेर्डे 'लक्ष्या'च. पण हा एक माणूस नाही. तात्या विंचूने ज्याला छळलं त्या लक्ष्याला कवट्या महाकाळ माहीत असण्याचं कारण नाही. इथे नाव एक, चेहरा एक, दिग्दर्शक एक, तरी धागे वेगळे; आणि 'झपाटलेला २' (२०१३) हा मात्र 'झपाटलेला'च्याच धाग्यात. 'कोठारे युनिव्हर्स' असे मीम बनवणाऱ्यांनी हा तक्ता एकदा खरंच करून बघावा, वेळ मजेत जाईल.

वर्गवारी कशी करायची हे शिकायला हॉलीवूडला जायची गरज नाही. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते १९६६मध्ये पूर्ण झालं. महाभारत म्हणजे कॉमिक्स नव्हे. पण एका कथेचे देशभर पसरलेले, एकमेकांशी न जुळणारे पाठ कसे मांडायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता, आणि तो आपल्यापेक्षा हजारपटीने मोठा होता. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखितांना खुणा दिल्या त्या लिपीवरून: शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिपीचं एक अक्षर आणि पुढे क्रमांक. कुठलं हस्तलिखित खरं, हे त्या खुणेत नाही. ते कुठून आलं एवढंच आहे. आणि मुख्य पाठात जे श्लोक घेतले नाहीत तेही टाकून दिले नाहीत. पानाखाली तळटिपांत आणि मागे परिशिष्टांत छापले. म्हणजे मुख्य कोण हा निर्णय त्यांनीही घेतला, पण तो एका जागी, आणि ओळख दुसऱ्या जागी. तुम्हाला त्यांचा निर्णय पटला नाही तरी सगळा माल तुमच्यासमोर असतो. 'लेजेंड्स' म्हणून शिक्का मारणाऱ्यांना हेच जमलं नाही.

'पाठभेद' हा शब्दही मराठीत त्या परंपरेतून पक्का बसलेला आहे. कंटिन्युइटीसाठी मी इथे धागा म्हणतोय खरा, पण कुणाला पाठ म्हणायचं असेल तर माझी ना नाही.

तर फेणेसाठी माझा प्रस्ताव साधा आहे. फेणे-पुस्तक, फेणे-दूरदर्शन, फेणे-चित्रपट-२०१७. माध्यम, आणि जिथे लागेल तिथे साल. 'मूळ फेणे', 'खरा फेणे', 'नवा फेणे' असलं काही नको. 'नवा' तर अजिबात नको, उद्या कुणी वेबसिरीज काढली की २०१७चा फेणे एका रात्रीत जुना होईल. विकीवर लिहिणाऱ्यांनी एका पानावर तीन वेगळे भाग केले तरी पुरे. शाळा, वय, कुणाचं काम, हे त्या त्या भागाखाली. तुमच्याकडे फेणेची जुनी पुस्तकं असतील तर कुठलं पुस्तक कुठल्या साली पहिल्यांदा आलं हे पानं उलटून नोंदवा. हे काम मोबाइलवर, एसटीत बसूनही होतं.

एक गाठ मात्र या पद्धतीनेही सुटत नाही. २०१७च्या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी जे काम केलंय ते पात्र आहे स्वतः भा. रा. भागवत. फेणेला जन्म देणारा लेखक फेणेच्याच गोष्टीत. त्यांना लेखकाच्या पानावर ठेवायचं की पात्रांच्या यादीत? मी तरी दोन ओळी करेन: 'भा. रा. भागवत, लेखक, १९१० ते २००१' आणि 'भा. रा. भागवत, पात्र, फेणे-चित्रपट-२०१७'. दोघांना जोडणाऱ्या रकान्यात काय लिहायचं ते तुम्ही सुचवा.